सीयूईटीच्या इंग्रजीसाठी उपसर्ग आणि शब्दसंपदा : मराठी विद्यार्थ्याने सुरुवात कोठून करावी

दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ किंवा बनारस हिंदू विद्यापीठ अशा केंद्रीय विद्यापीठांत बारावीनंतर पदवीसाठी प्रवेश घ्यायचा असेल, तर २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना या परीक्षेतील इंग्रजीच्या पेपरची धास्ती असते. व्याकरण शाळेत बरेचसे झालेले असते आणि उतारा वाचून उत्तरे लिहिण्याची सवयही असते. गाडी अडते ती शब्दांवर. मग बाजारातून तीन किंवा पाच हजार अवघड शब्दांची यादी आणली जाते, इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने घोकंपट्टी सुरू होते आणि ‘सी’ किंवा ‘डी’पर्यंत पोहोचताना ‘ए’चे शब्द विसरलेले असतात. या लेखात सुचवलेला मार्ग वेगळा आहे. इंग्रजीतील अवघड शब्दांचा मोठा भाग उपसर्ग आणि धातू यांच्या जोडणीतून तयार झालेला आहे, आणि अशी जोडणी उकलण्याची सवय मराठी विद्यार्थ्याला संस्कृत शब्दांमुळे आधीपासूनच असते. ती सवय जाणीवपूर्वक इंग्रजीकडे वळवायची आहे.

पहिली पायरी : परीक्षा काय मागते ते पाहा

सीयूईटीच्या भाषेच्या पेपरात उताऱ्यांवरील प्रश्नांबरोबर समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, रिकाम्या जागी योग्य शब्द निवडणे आणि वाक्याचे विस्कळीत भाग क्रमाने लावणे, असे प्रश्न येतात. २०२५ पासूनच्या रचनेनुसार ५० प्रश्न ६० मिनिटांत सोडवायचे असतात आणि सर्व प्रश्न अनिवार्य असतात. बरोबर उत्तराला ५ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो. रचनेत बदल होऊ शकतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

या आकड्यांत शब्दसंपदेच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. चार पर्यायांपैकी एक डोळे झाकून निवडला, तर सरासरीने जेमतेम अर्धा गुण हाती लागतो. एक चुकीचा पर्याय खात्रीने बाद करता आला, तर ही सरासरी एक गुण होते आणि दोन बाद करता आले, तर दोन गुण होते. म्हणजे एखादा शब्द पूर्णपणे माहीत नसला, तरी तो नकारार्थी आहे की होकारार्थी, स्तुतीचा आहे की निंदेचा, एवढे ओळखता आले तरी त्याची किंमत मिळते. उपसर्गांच्या अभ्यासातून नेमके हेच अर्धे ज्ञान सर्वांत लवकर हाती येते.

कायद्याच्या पदवीसाठी क्लॅट देणाऱ्यांनाही हा अभ्यास उपयोगी पडेल, कारण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा प्रवेश त्याच परीक्षेतून होतो. तेथे २०२० पासून इंग्रजीचे सर्व प्रश्न उताऱ्यांवर आधारलेले असतात आणि शब्दाचा अर्थ त्या उताऱ्याच्या संदर्भातच विचारला जातो. अमेरिकेतील सॅट परीक्षेनेही २००५ मध्ये शब्दांच्या जोड्यांचे प्रश्न आणि २०१६ मध्ये दुर्मीळ शब्दांनी वाक्य पूर्ण करण्याचे प्रश्न वगळले. नुसत्या यादीचे दिवस सगळीकडेच मागे पडत आहेत, आणि माझ्या मते ते बरेच झाले.

दुसरी पायरी : मराठीतील उपसर्ग आधी आठवा

पहिले दोन-तीन दिवस इंग्रजी पुस्तक उघडूच नका. एका कागदावर प्र, परि, सम्, अव, प्रति, अति, दुर्, सु, उप, सह, पुनर्, पूर्व, आंतर, अर्ध, द्वि, त्रि, बहु आणि स्वयं हे शब्दारंभी येणारे घटक लिहा. शाळेच्या व्याकरणात यांतील काहींना उपसर्ग म्हणत नाहीत, परंतु आपल्या कामापुरता तो भेद बाजूला ठेवू. प्रत्येकासमोर दोन मराठी शब्द लिहा आणि मग त्याच कामाचा इंग्रजी उपसर्ग शोधा. परिमिती आणि पेरिमीटर, आंतरराष्ट्रीय आणि इंटरनॅशनल, पूर्वग्रह आणि प्रेज्युडिस, अवमूल्यन आणि डीव्हॅल्युएशन, सहअस्तित्व आणि कोएक्झिस्टन्स, प्रतिक्रिया आणि रिॲक्शन, प्रतिजैविक आणि अँटिबायोटिक, अर्धवर्तुळ आणि सेमीसर्कल, स्वयंचलित आणि ऑटोमॅटिक अशा जोड्या लिहीत गेलात, की दोन्हीकडची बांधणी सारखीच असल्याचे दिसते. शेवटच्या काही जोड्यांतील मराठी शब्द इंग्रजी शब्दावरूनच घडवलेले आहेत, हे खरे आहे; पण त्यामुळे आपला फायदाच होतो, कारण शास्त्र आणि प्रशासनातील मराठी परिभाषा उलगडली, की समोरचा इंग्रजी शब्दही उलगडतो.

काही ठिकाणी हे साम्य केवळ कामाचे नसून रक्ताच्या नात्याचे आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यातील व्याख्यानात मांडले होते, आणि त्या नात्याचे ठळक पुरावे उपसर्गांत आढळतात. आपला नकारार्थी ‘अ’ स्वरापूर्वी ‘अन्’ होतो : अज्ञान, पण अनादी. ग्रीकमधून इंग्रजीत आलेला नकारार्थी उपसर्ग अगदी हाच नियम पाळतो. एटिपिकल म्हणजे प्रातिनिधिक नसलेला, ॲपथी म्हणजे भावनेचा अभाव; परंतु स्वरापूर्वी ॲनार्की म्हणजे अराजक आणि ॲनॉनिमस म्हणजे अनाम. या शेवटच्या शब्दातील ‘ऑनिमा’ हा ग्रीक शब्द आपल्या ‘नाम’चाच नातेवाईक आहे. त्याचप्रमाणे ‘दुस्’चा भाऊ ‘डिस’ हा ग्रीक उपसर्ग आहे, ज्याच्या स्पेलिंगमध्ये ‘वाय’ येतो आणि जो डिस्फंक्शन, डिस्पेप्सिया अशा बिघाडाच्या शब्दांत सापडतो. ‘सु’चा भाऊ ‘यू’ आहे, जो युलॉजी म्हणजे गौरवपर भाषण आणि युफेमिझम म्हणजे अप्रिय गोष्टीसाठी वापरलेला सौम्य शब्द यांत दिसतो. युलॉजी आणि युफेमिझम हे दोन्ही शब्द परीक्षकांच्या आवडीचे आहेत.

तिसरी पायरी : नकाराचे उपसर्ग पक्के करा

अमेरिकेतील शालेय वाचनसाहित्यात आढळणाऱ्या उपसर्गयुक्त शब्दांची वर्गवारी करणाऱ्या १९८९ च्या एका अभ्यासात असे दिसले, की अन, री, इन आणि डिस हे चारच उपसर्ग अशा शब्दांपैकी अर्ध्याहून अधिक शब्दांत येतात. यांपैकी ‘री’ हा पुन्हा किंवा मागे या अर्थाचा उपसर्ग फारसा त्रास देत नाही. उरलेले तिघे नकाराचे आहेत, आणि विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नांत त्यांच्याशी सतत गाठ पडते. म्हणून या पायरीवर घाई करू नये. एक पूर्ण आठवडा येथेच घालवला तरी तो वाया जाणार नाही.

नवख्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न असा असतो, की कोणत्या शब्दाला ‘अन’ लावायचा आणि कोणत्याला ‘इन’. मराठीत आपण हजर शब्दाचा नकार गैरहजर असा करतो, पसंतचा नापसंत आणि जबाबदारचा बेजबाबदार. ‘अहजर’ कोणी म्हणत नाही. योग्यचा नकार मात्र अयोग्य होतो, ‘नायोग्य’ होत नाही. संस्कृत घराण्यातील शब्द बहुधा ‘अ’ घेतात आणि फारसी-अरबी घराण्यातील शब्द बे, गैर किंवा ना घेतात, हे आपल्याला कोणी न शिकवता कळते. इंग्रजीतही असाच घराण्यांचा प्रश्न आहे. जुन्या, देशी इंग्रजी शब्दांना ‘अन’ लागतो, जसे अनहॅपी किंवा अनकाइंड. लॅटिनमधून आलेल्या शब्दांना अनेकदा ‘इन’ लागतो, जसे इन्केपेबल किंवा इन्सिन्सिअर. आणि ग्रीक शब्दांना ‘ए’ किंवा ‘ॲन’. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर फ्रेंच व लॅटिन शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला, त्यामुळे ही घराणी एकाच भाषेत एकत्र नांदू लागली.

नियम मात्र कडेकोट नाही. ‘अन’ फार मोकळ्या स्वभावाचा आहे आणि लॅटिन शब्दांशीही सहज जुळतो. त्यातून काही चमत्कारिक जोड्या तयार झाल्या आहेत : विशेषण अनजस्ट, पण नाम इन्जस्टिस, विशेषण अनेबल, पण नाम इनॅबिलिटी, अनस्टेबल, पण इन्स्टॅबिलिटी, अनईक्वल, पण इनइक्वॉलिटी. रिकाम्या जागी योग्य रूप निवडण्याच्या प्रश्नांसाठी या जोड्या फार सोयीच्या आहेत. त्या वेगळ्या पानावर लिहून ठेवा.

नकारांच्या छटाही वेगळ्या असतात. नॉनप्रोफेशनल म्हणजे व्यावसायिक नसलेला, हे केवळ वर्णन झाले. अनप्रोफेशनल म्हणजे व्यवसायाला न शोभणारे, ही टीका झाली. मराठीत ‘विज्ञानेतर’ आणि ‘अवैज्ञानिक’ या शब्दांत जे अंतर आहे, तेच येथे आहे. एमॉरल म्हणजे नीती-अनीतीशी संबंध नसलेला आणि इमॉरल म्हणजे अनैतिक. अनइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला, तर डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला नाही, म्हणजेच निःपक्षपाती. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, अनइंटरेस्टेड असू नये. क्रियापदाला लागलेला ‘अन’ तर नकार दाखवतच नाही, तो केलेली क्रिया उलटवतो : अनलॉक, अनफोल्ड, अनटाय. याशिवाय ‘मिस’ हा उपसर्ग चुकीच्या पद्धतीने झालेली क्रिया सांगतो आणि ‘मॅल’ हा वाईटपणा सांगतो. मॅलच्या समोर ‘बेने’ ठेवून बेनेव्होलंट आणि मॅलेव्होलंट, बेनिफॅक्टर आणि मॅलेफॅक्टर, बिनाइन आणि मलाइन अशी जोडी लावली, की तीन विरुद्धार्थी जोड्या एकदमच पाठ होतात.

चौथी पायरी : रूप बदलणारे उपसर्ग ओळखा

अनेक विद्यार्थ्यांचा अभ्यास येथे अडतो, कारण वहीत लिहिलेला उपसर्ग शब्दात दिसेनासा होतो. ‘इन’ शिकलेला विद्यार्थी इम्पॉसिबल, इल्लीगल आणि इररेग्युलर यांना तीन वेगळे उपसर्ग समजून वेगवेगळे पाठ करतो. ज्याने दहावीपर्यंत संधी शिकल्या आहेत, त्याला हा घोळ पडण्याचे कारण नाही. उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, सत् आणि जन मिळून सज्जन होतो. पुढच्या व्यंजनाच्या ओढीने मागचे व्यंजन बदलते. लॅटिनमध्येही तेच घडले. ‘इन’मधील एन हा पी, बी आणि एम यांच्यापूर्वी एम होतो, एलपूर्वी एल होतो आणि आरपूर्वी आर होतो.

हे लक्षात आले, की स्पेलिंगमधील दुहेरी अक्षरांचे कोडेही सुटते. इमॅच्युअर या शब्दात एम दोनदा का येतो, तर एक उपसर्गाचा आणि एक मूळ शब्दाचा. अननेसेसरीमध्ये सुरुवातीला दोन एन, डिससॅटिस्फाइडमध्ये दोन एस, मिसस्पेलमध्येही दोन एस. डिसअपिअरमध्ये मात्र एकच एस, कारण मूळ शब्द अपिअर आहे आणि त्याचे दोन पी त्याचे स्वतःचे आहेत. स्पेलिंगच्या चुकांवर रंगीत पेनाने खुणा करत बसण्यापेक्षा शब्दाची फोड करून पाहणे अधिक टिकाऊ ठरते.

सर्वाधिक वेष बदलणारा उपसर्ग ‘ॲड’ आहे. त्याचा अर्थ कडे किंवा जवळ असा आहे. ॲडमिट, ॲडजस्ट यांत तो उघड दिसतो. परंतु अफर्म, ॲग्रव्हेट, ॲलोकेट, अनाउन्स, अपॉइंट, असेंबल, अट्रॅक्ट आणि अकॉमोडेट या सर्व शब्दांच्या सुरुवातीलाही तोच दडलेला आहे. ‘कॉन’ म्हणजे एकत्र, आपल्या ‘सम्’चे काम करणारा, तो कंबाइन, कलेक्ट, करस्पाँड आणि कोऑपरेट अशी रूपे घेतो. ‘सब’ म्हणजे खाली. तो सफर, सजेस्ट, सपोर्ट आणि सस्पेक्टमध्ये लपतो. ‘एक्स’ म्हणजे बाहेर. तो इजेक्टमध्ये नुसता ‘ई’ आणि एफ्लुअंटमध्ये ‘एफ’ जोडलेला ‘ई’ होतो. ग्रीक ‘सिन’ म्हणजे सोबत. तो सिंपथीमध्ये एम घेतो आणि सिलॅबलसारख्या रूपांत एल घेतो. ही रूपे पाठ करण्याची गरज नाही. वाचताना शब्दाच्या दुसऱ्या-तिसऱ्या जागी दुहेरी व्यंजन दिसले, की तेथे उपसर्गाचा सांधा असू शकतो, एवढी शंका मनात यावी.

पाचवी पायरी : एक धातू, अनेक शब्द

नुसते उपसर्ग शिकून शब्द उलगडत नाहीत, त्यांच्या मागचा धातूही ओळखीचा असावा लागतो. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत एक प्रसिद्ध श्लोक आहे, ज्यात प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार ही उदाहरणे देऊन उपसर्ग धातूच्या अर्थाला बळेच दुसरीकडे ओढून नेतो असे म्हटले आहे. इंग्रजी शब्दसंपदेच्या अभ्यासाची याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही. एक धातू मध्यभागी लिहा आणि त्याच्याभोवती उपसर्ग फिरवा.

‘जेक्ट’ म्हणजे फेकणे, हा धातू घ्या. आत फेकणे ते इंजेक्ट, बाहेर फेकणे ते इजेक्ट, मागे फेकणे ते रिजेक्ट, पुढे फेकणे ते प्रोजेक्ट. मध्येच शब्द फेकणे म्हणजे इंटरजेक्ट. खाली फेकला गेलेला तो डिजेक्टेड, म्हणजे खिन्न. दूर फेकून दिलेला तो ॲबजेक्ट, म्हणजे अत्यंत दयनीय. हाताशी आलेल्या गोष्टी एकत्र टाकून बांधलेला अंदाज तो कंजेक्चर. यांतील पहिले चार शब्द तुम्हाला आधीच माहीत होते. शेवटचे चार त्यांच्या आधाराने विनासायास मिळाले. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे, या धातूचेही असेच आहे. रेट्रोस्पेक्ट म्हणजे मागे वळून पाहणे, इंट्रोस्पेक्ट म्हणजे स्वतःच्या आत पाहणे, प्रॉस्पेक्ट म्हणजे पुढे दिसणारी शक्यता, आणि सर्कमस्पेक्ट म्हणजे चहूकडे पाहून पाऊल टाकणारा, अर्थात सावध.

सुरुवातीला पुढील धातू घ्यावेत : लिहिण्याचा स्क्राइब, बोलण्याचा डिक्ट आणि लोक्व, विश्वासाचा क्रेड, नेण्याचा डक्ट, वळण्याचा व्हर्ट, पाठवण्याचा मिट, ओढण्याचा ट्रॅक्ट, जाण्याचा सीड आणि कळपाचा ग्रेग. क्रेडवर थोडे थांबले पाहिजे, कारण तेथे परीक्षक हमखास घुटमळवतात. क्रेडिबल म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा, तर क्रेड्युलस म्हणजे पटकन विश्वास ठेवणारा, भाबडा. त्यामुळे गोष्ट इन्क्रेडिबल असते आणि ती ऐकणारा माणूस इन्क्रेड्युलस असतो. येथे उपसर्ग आणि धातू दोन्ही सारखेच असून अर्थ शेवटच्या प्रत्ययाने ठरतो, म्हणून प्रत्ययांकडेही एक नजर टाकावी : ‘अस’ने बहुधा विशेषण होते, ‘इटी’ आणि ‘नेस’ने नाम, ‘फाय’ आणि ‘आइझ’ने क्रियापद. सीयूईटीसाठी प्रत्ययांचा एवढा अभ्यास पुरतो.

सहावी पायरी : फसवे शब्द वेगळ्या पानावर

उपसर्ग हा अर्थाचा अंदाज देतो, हमी देत नाही. हा फरक ज्याला उमगत नाही, तो उपसर्ग शिकून पूर्वीपेक्षा अधिक चुका करतो. इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारे असे वाटते, पण त्याचा अर्थ सहज पेट घेणारे असा आहे. कारण येथील ‘इन’ नकाराचा नसून आतचा आहे. टँकरवर तो शब्द धोक्याची सूचना म्हणून लिहिलेला असतो. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, तर अमूल्य. मराठी अमूल्यमध्येही नकार आहेच आणि तोही स्तुतीचाच आहे. इन्फेमस म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध.

काही शब्दांत उपसर्ग दिसतो, पण तो तेथे नसतोच. अंकल आणि अंडर यांत ‘अन’ नाही, मिझरी आणि मिसाइलमध्ये चुकीचा ‘मिस’ नाही, युनिफॉर्ममध्येही ‘अन’ नसून एक या अर्थाचा ‘युनि’ आहे. उपसर्ग काढल्यावर उरलेल्या भागाला काही अर्थ राहतो का, हे पाहण्याची सवय लावली, की बरेच बनावट उपसर्ग उघडे पडतात.

दिसायला जवळचे, अर्थाने लांबचे असे उपसर्गही याच पानावर यावेत. ‘अँटी’ म्हणजे पूर्वी आणि ‘अँटी’ म्हणजे विरुद्ध यांचा उच्चार मराठी तोंडी एकच होतो, पण स्पेलिंगमध्ये पहिल्याच्या शेवटी ई आणि दुसऱ्याच्या शेवटी आय असतो; अँटिसिडंट म्हणजे आधी घडलेले आणि अँटिडोट म्हणजे विषावरचा उतारा. आणि अँटिसिपेट म्हणजे आधीच अपेक्षा करणे, या शब्दात मात्र आय असूनही अर्थ पूर्वीचाच आहे! ‘हायपर’ अधिक, ‘हायपो’ कमी. ‘इंटर’ दोहोंमध्ये, ‘इंट्रा’ एकाच्या आत. प्रिस्क्राइब म्हणजे लिहून देणे किंवा विहित करणे, प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणे. पर्सिक्यूट म्हणजे छळणे, प्रॉसिक्यूट म्हणजे खटला चालवणे. एमिग्रंट देशाबाहेर जातो, इमिग्रंट देशात येतो. नोकरीसाठी मराठी माणूस पुण्याहून टोरांटोला गेला, तर तो एकाच वेळी भारताच्या दृष्टीने एमिग्रंट आणि कॅनडाच्या दृष्टीने इमिग्रंट असतो.

याशिवाय कालौघात पालटलेले शब्द आहेत. इग्रिजसची फोड केली तर ‘कळपाबाहेरचा’ असा अर्थ निघतो आणि पूर्वी तो असामान्य गुणवत्तेसाठी वापरलाही जाई. आज मात्र तो धक्कादायक रीतीने वाईट गोष्टीसाठी वापरतात. फोड केल्यावर जो अर्थ निघेल, तो शब्दकोशात तपासल्याखेरीज वहीत उतरवू नये, हा नियम अशा शब्दांसाठीच आहे.

सातवी पायरी : वही, उजळणी आणि वाचन

शब्दांची वही मुळाक्षरांच्या क्रमाने ठेवू नका. एका पानावर एक धातू किंवा एक उपसर्ग असावा, आणि त्याखाली प्रत्येक शब्दाची फोड, मराठी अर्थ आणि एक वाक्य असावे. वाक्य शब्दकोशातून उतरवण्यापेक्षा स्वतः रचलेले बरे. आपल्या गावातील ग्रामपंचायत, कॉलेज, क्रिकेटचा सामना यांविषयीचे असले, की ते लक्षात राहते. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेले शब्दकोश इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत आणि त्यांत सोपी व्याख्या, उच्चार आणि वापराची उदाहरणे असतात. नुसत्या इंग्रजी-मराठी कोशावर भागवू नये, कारण त्यात समानार्थी शब्दांच्या छटा बहुधा मिळत नाहीत.

उजळणीसाठी जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली खोक्यांची पद्धत वापरून पाहावी. प्रत्येक शब्दासाठी एक लहान कार्ड करावे, एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला फोड व अर्थ. सर्व कार्डे पहिल्या खोक्यात ठेवून रोज तपासावीत; बरोबर आठवलेले कार्ड दुसऱ्या खोक्यात जाते आणि काही दिवसांनी तपासले जाते, तेथेही आठवले तर तिसऱ्या खोक्यात जाऊन आणखी उशिरा समोर येते. चुकलेले कार्ड मात्र थेट पहिल्या खोक्यात परत येते. त्यामुळे वेळ अवघड शब्दांवर खर्च होतो, येणाऱ्या शब्दांवर वाया जात नाही. मोबाइलवर अँकीसारखी ॲपे हेच काम करतात. परंतु कार्ड हाताने लिहिताना निम्मा शब्द पाठ होतो, म्हणून माझा कल कागदाकडे आहे. दिवसाला दहा-बारा नवे शब्द पुरेत. रविवारी एकही नवा शब्द न घेता आठवडाभरातील कार्डे चाळावीत.

वाचनाशिवाय हा सगळा खटाटोप कोरडा राहतो. रोज एखाद्या इंग्रजी वृत्तपत्रातील एक अग्रलेख वाचावा. पहिल्या वाचनात शब्दकोश उघडू नये, अनोळखी शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून उपसर्ग आणि संदर्भ यांच्या आधारे समासात अर्थाचा अंदाज लिहावा, आणि पूर्ण वाचून झाल्यावर तो तपासावा. अग्रलेख जड वाटत असेल, तर अकरावी-बारावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातील गद्य धड्यांपासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. समानार्थी शब्दांची पातळीही वाचनातूनच कळते. आस्क, क्वेश्चन आणि इंटरॉगेट हे तिन्ही विचारण्याचेच शब्द आहेत; पण पहिला घरगुती आहे, दुसरा औपचारिक आणि तिसरा पोलीस ठाण्यातला. यादीत तिघांसमोर एकच अर्थ लिहिलेला असतो.

आठवी पायरी : परीक्षेच्या खोलीत

शेवटच्या आठवड्यात नवे शब्द घेणे थांबवावे आणि फसव्या शब्दांचे पान रोज एकदा वाचावे. घड्याळ लावून संगणकावर सराव पेपर सोडवावेत, कारण परीक्षा संगणकावर होते आणि पडद्यावरचा उतारा वाचण्याची सवय वेगळी असते.

अनोळखी शब्द समोर आला, की आधी वाक्य वाचावे. बट, ऑल्दो, डिस्पाइट अशा शब्दांनी वाक्य मध्येच उलटते आहे का, हे पाहावे. ‘सामान्यतः बेधडक बोलणाऱ्या मंत्र्याचे उत्तर या वेळी मात्र सर्कमस्पेक्ट होते’ अशा आशयाचे वाक्य असेल, तर फोड न करताही बेधडकच्या उलट अर्थाचा शब्द हवा हे कळते आणि फोडीने त्याला दुजोरा मिळतो. त्यानंतर पर्यायांकडे वळावे आणि स्तुती-निंदा, अधिक-उणे अशा ढोबळ कसोटीवर जे पर्याय बसत नाहीत ते बाद करावेत. वाक्यच दिलेले नसेल, नुसता शब्द आणि चार पर्याय असतील, तर पर्यायांचीही फोड करून पाहावी. कित्येकदा विचारलेल्या शब्दापेक्षा पर्यायच ओळखीचे निघतात. विरुद्धार्थी शब्द विचारला असताना घाईत समानार्थी निवडला जाणे ही फार सामान्य चूक आहे आणि प्रश्नकर्ते पर्यायांत समानार्थी शब्द मुद्दाम ठेवतात, म्हणून उत्तरावर क्लिक करण्यापूर्वी प्रश्नातील सूचना पुन्हा एकदा वाचावी. शब्दाच्या एका प्रश्नावर अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ जाऊ लागला, तर पुनर्विचाराची खूण करून पुढे जावे, कारण उताऱ्यांना लागणारा वेळ तेथूनच वाचवायचा असतो.